जुन्या शाळेचे दप्तर स्कॅन करून मोडी वाचून देणारी जळगावची सेवा : घ्यावी का, आणि कशी घ्यावी

खानदेशातल्या कितीतरी मराठी शाळांनी शंभरी ओलांडली आहे. शतकमहोत्सव ठरला, स्मरणिकेची समिती बसली, की पहिला प्रश्न निघतो तो सुरुवातीच्या मास्तरांचा. कोण होते, कुठून आले, किती पगारावर आले, आणि 'ट्रेन्ड' होते का? उत्तर शाळेच्याच कपाटात असते. जनरल रजिस्टर, शिक्षक हजेरीपट, पगारपत्रके, तपासणीचे शेरेबुक, सामानाचा ताबा दिल्या-घेतल्याच्या चार्ज याद्या, आवक-जावक पत्रांची बारनिशी. अडचण एवढीच की त्यातले बरेच मोडीत, उरलेले बाळबोधीत म्हणजे देवनागरीत, मधेच शाळा तपासायला आलेल्या डेप्युटी साहेबांचा इंग्रजी शेरा, आणि पाने हात लावताच तुकडे पडतील अशी.

हे काम करून देणारे एक केंद्र जळगावात चालते. शाळेत येऊन दप्तर स्कॅन करणे, मोडी पानांचे बाळबोधीत लिप्यंतर करणे आणि सगळ्या नोंदींची एक्सेलमध्ये सूची करणे, अशा तीन सेवा ते वेगवेगळ्या किंवा एकत्र देतात. हे परीक्षण तीन शाळांच्या दप्तरांवरून केले आहे: एक अमळनेर तालुक्यातली, एक यावल तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याची, एक शहादा तालुक्यातली. पाने एकूण ११४०, त्यातली मोडी ३१०.

निष्कर्ष आधीच सांगतो. स्कॅनिंग डोळे मिटून घ्यावे. मोडी वाचन चांगले आहे, पण निवडक पानांपुरतेच घ्यावे. सूची मात्र आहे त्या स्वरूपात वापरू नये. तिथे चूक मोडीची होत नाही. अक्षर बरोबर लागते, पण शिक्षक तयार करण्याची पद्धत त्या काळी कशी होती हे माहीत नसल्यामुळे लागलेल्या अक्षराचा अर्थ भलताच लावला जातो. मास्तरांचा इतिहास शोधणाऱ्याचे नुकसान नेमके इथे होते.

स्कॅनिंगपासून सुरुवात करू. मूळ दप्तर शाळेबाहेर न्यायचे नाही, ही अट केंद्र स्वतःच घालते, आणि ही त्यांची सर्वात चांगली गोष्ट. जनरल रजिस्टर कायम जपायचे दप्तर आहे. दाखल्यासाठी, जातपडताळणीसाठी लोक रोज मागायला येतात. तरीही तोंडी होकारावर काम सुरू करू नये. मुख्याध्यापकांनी गटशिक्षणाधिकाऱ्यांना पत्र देऊन लेखी परवानगी घ्यावी आणि त्या पत्रात पुस्तकांची नावे व पानसंख्या लिहावी. दोन माणसे येतात, सोबत कॅमेरा स्टँड, दोन दिवे आणि व्ही आकाराचा लाकडी पाळणा. पुस्तक त्या पाळण्यात अर्धवट उघडे ठेवतात, सपाट दाबत नाहीत. शिलाई वाचते ती यामुळे. गल्लीतल्या झेरॉक्सवाल्याकडे काचेवर उलटे दाबून काढलेल्या प्रती ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना याची किंमत कळेल. तिथे मधला भाग काळा येतो आणि कण्यालगतचा पगाराचा रकाना अर्धा गायब होतो.

हस्तलिखितासाठी ४०० डीपीआय आणि रंगीत, एवढे दोन शब्द करारात लिहून घ्यावेत. केंद्राचा नेहमीचा प्रघात ३०० आणि करडा असा आहे. छापील पुस्तकाला तो चालतो. शाळेच्या दप्तराला चालत नाही, कारण इथे शाईचा रंगच माहिती देतो. मास्तर काळ्या-निळ्या शाईने लिहीत, तपासणारा तांबड्या शाईने. करड्या प्रतीत तांबडी रेघ आणि काळी रेघ सारखीच दिसते, म्हणजे खोडले कुणी हे कळेनासे होते.

अमळनेरच्या दप्तरात पाठ टाचणाची एक वही आहे. अध्यापन विद्यालयात असताना कुणा उमेदवार शिक्षकाने लिहिलेली, पुढे त्याच्याबरोबर शाळेत आलेली. प्रत्येक पाठाला प्रस्तावना, हेतुकथन, विषयप्रतिपादन, संकलन, उपयोजन, अशी जर्मन शिक्षणतज्ज्ञ हर्बार्टची पंचपदी, म्हणजे पाठाच्या पाच पायऱ्या. उजव्या बाजूला 'फळ्यावरील काम' म्हणून घडी घालून पाडलेला अरुंद रकाना. सगळे काळ्या शाईत, टाकाचे. आणि त्या अरुंद रकान्यात, पाठ पाहणाऱ्या अध्यापकाचे शिसपेन्सिलीतले बारीक शेरे: प्रश्न विचारताना वर्गावर नजर नाही, उत्तर एकाच मुलाकडून घेतले, फळ्यावरची अक्षरे शेवटच्या बाकावरून दिसत नाहीत. शिक्षक घडवला कसा जायचा याचा यापेक्षा थेट पुरावा मिळत नाही. पहिल्या करड्या स्कॅनमध्ये हा शिसपेन्सिलीचा मजकूर पूर्ण पुसला गेला होता. रंगीत आणि दिवा तिरका करून पुन्हा घेतल्यावर अक्षर न् अक्षर आले. पुनःस्कॅनचे पैसे केंद्राने लावले नाहीत, हे नमूद करायला हवे.

केंद्र 'जतन' म्हणून लॅमिनेशनही सुचवते. ते अजिबात करू देऊ नये. उष्णतेने आणि डिंकाने कागद कायमचा गेला, आणि ते प्लास्टिक पुन्हा सोडवता येत नाही. सेलोटेपही नको. फाटलेले पान जसेच्या तसे स्कॅन करून आम्लरहित कागदाच्या पाकिटात ठेवावे. सर्वात जुनी पाने बहुधा सर्वात मजबूत निघतात, याचे आश्चर्य वाटू नये. हातकागद होता तो. एरंडोलला कागद तयार करण्याचा धंदाच होता. खराब होतो तो नंतरचा गिरणीचा स्वस्त कागद, त्यातल्या आम्लामुळे. म्हणून पैसे कमी असतील तर १९२० ते १९६० या काळातली रजिस्टरे आधी स्कॅन करावीत.

आता मोडी. केंद्रातले वाचक सराईत आहेत. मोडीत ह्रस्व-दीर्घाला एकच खूण, शब्द सुटे नाहीत, लेखणी न उचलता ओळ चाललेली. तरी शेरेबुकातले सलग मजकूर त्यांनी नीट लावले आहेत. काम अडते ते दोन ठिकाणी.

पहिले ठिकाण आकड्यांचे. जुन्या पगारपत्रकात रुपयाचे भाग रेघांनी लिहीत. एक उभी रेघ म्हणजे पाव रुपया, चार आणे. दोन उभ्या म्हणजे अर्धा. तीन म्हणजे पाऊण. आडव्या रेघा एकेक आण्याच्या. म्हणजे १२॥= हा आकडा बारा रुपये दहा आणे. वाचकाने तो बरोबर उतरवला होता. पण सूचीसाठी टंकलेखन करणाऱ्या मुलाने १०॥ ला १०११ केले, आणि एका खेड्यातल्या दुय्यम मास्तरांना महिना एक हजार अकरा रुपये पगार मिळाला! एवढी ढोबळ चूक लगेच लक्षात येते. ७। चे ७१ झाले तर मात्र येत नाही, कारण ७१ रुपये पगार पुढच्या काळात खरोखरच असतो. तपासण्याची सोपी पद्धत अशी: पगारपत्रकाची तळाची बेरीज मूळ पानावर असते. सूचीतली बेरीज तिच्याशी जुळवावी. जुळत नसेल तिथे रेघांचा घोटाळा आहे.

त्या काळचा पगार साधारण किती होता याचा अंदाज हवा असेल तर जोतीराव फुल्यांचे १८८२ चे निवेदन आधाराला घ्यावे. शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर आयोगापुढे त्यांनी सांगितले की प्राथमिक शाळांतले बहुतेक शिक्षक ब्राह्मण आहेत, थोडेच नॉर्मल स्कूलमधून, म्हणजे शिक्षक तयार करणाऱ्या शाळेतून, शिकून आलेले, बाकी अप्रशिक्षित, आणि पगार दहा रुपयांच्या वर क्वचितच जातो. त्यांची मागणी किमान बारा रुपयांची होती, मोठ्या गावात पंधरा-वीस. शिक्षक प्रशिक्षित असावा, शक्यतो शेतकरी समाजातला असावा, नांगराचा रुमणा हाती धरायला लाज न वाटणारा असावा, असेही त्यांनी म्हटले. खानदेशातल्या १८८० च्या आसपासच्या पत्रकात एखाद्या मास्तराला सात किंवा आठ रुपये दिसले तर ती वाचनातली चूक समजून दुरुस्त करू नये. तो त्या काळचा खरा पगार आहे. हा पैसाही बराचसा शेतकऱ्याच्याच खिशातला होता. १८६३ नंतर जमीन महसुलाच्या रुपयामागे एक आणा लोकल फंड हा स्थानिक कर बसला आणि त्यातला तिसरा हिस्सा शाळांना मिळू लागला.

दुसरे ठिकाण संक्षेपांचे, आणि खरी पडझड इथे होते.

मास्तरांच्या नावापुढे काय शिकलेत ते दोन-तीन अक्षरांत लिहीत. सूचीत केंद्राने 'शैक्षणिक अर्हता' असा एकच रकाना केला आहे आणि सगळे त्यात कोंबले आहे. त्यामुळे 'व्ह. फा.' असलेले मास्तर प्रशिक्षित मोजले गेले. व्ह. फा. म्हणजे व्हर्नाक्युलर फायनल, मराठी सातवीची परीक्षा. ती पास झालेला माणूस शिकवायला पात्र ठरत असे, पण ट्रेनिंग झालेला नव्हता. दप्तरात तो 'क्वालिफाइड, अनट्रेन्ड'. ट्रेनिंग झालेल्यापुढे 'फर्स्ट इयर', 'सेकंड इयर' किंवा 'थर्ड इयर' असते. किती वर्षे ट्रेनिंग कॉलेजात काढली आणि कितवे प्रमाणपत्र मिळवले याची ती खूण, आणि पगाराची पायरी तिच्यावर ठरायची. कुणी ते 'दु. व. ट्रे.' लिहिले, कुणी मोडीत 'सेकन इर', कुणी नुसता इंग्रजी २ काढून वर दोन अक्षरे. सूचीत यातले काही 'दुसरी इयत्ता पास' असे आले आहे. दुसरीपर्यंत शिकलेला हेडमास्तर! पुढच्या काळात 'पी.एस.सी.' येते. ते प्राथमिक शाळा प्रमाणपत्र, म्हणजे त्याच सातवीच्या परीक्षेचे नंतरचे नाव. सूचीत ते 'लोकसेवा आयोग' झाले आहे. 'पी.टी.सी.' मात्र खरे ट्रेनिंगचे प्रमाणपत्र, ज्युनियर आणि सीनियर असे दोन. त्याच्या जागी पुढे डी.एड. आले आणि आता डी.एल.एड. आहे.

म्हणून ऑर्डर देतानाच रकाने तीन सांगावेत: शालेय परीक्षा, ट्रेनिंगचे प्रमाणपत्र, आणि मूळ अक्षरे जशीच्या तशी. तिसरा रकाना सर्वात महत्त्वाचा. अर्थ नंतर लावता येतो. मूळ अक्षरे एकदा गेली की पुन्हा पान उघडावे लागते.

ट्रेनिंगला गेलेला मास्तर दप्तरात कसा ओळखायचा, हे केंद्राला सांगावे लागते. हजेरीपटात त्याचे नाव अचानक थांबते, चार्ज यादीत तो नकाशे, घंटा, खुर्ची, पुस्तके दुसऱ्याच्या ताब्यात देतो, वर्ष-दोन वर्षांनी परत येतो आणि पगार वाढलेला असतो. या चार नोंदी वेगवेगळ्या पुस्तकांत असतात. केंद्राच्या सूचीत त्या एकमेकींना जोडलेल्या नाहीत, म्हणून एकच माणूस दोनदा मोजला गेला आहे: एकदा अनट्रेन्ड, एकदा ट्रेन्ड. चार्ज यादी 'किरकोळ कागद' म्हणून वगळायचा त्यांचा कल आहे. तसे करू देऊ नये. पहिल्या मास्तरांचे ट्रेनिंग सिद्ध करायला चार्ज यादीइतका उपयोगी कागद दुसरा नाही.

ट्रेनिंग कुठे व्हायचे, हेही माहीत हवे, नाहीतर 'पुणे' शब्द दिसला की गाव म्हणून नोंदला जातो. मुंबई इलाख्यात हे काम फार लवकर सुरू झाले. बॉम्बे नेटिव्ह स्कूल बुक अँड स्कूल सोसायटीने १८२६ मध्ये २४ शिक्षक तयार करून जिल्ह्यांत पाठवले. १८४५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनला जोडून नॉर्मल वर्ग निघाला आणि तो बाळशास्त्री जांभेकरांकडे आला. दुसऱ्याच वर्षी बाळशास्त्री वारले. १८५५ मध्ये शिक्षण खाते उभे राहिल्यावर इलाख्याची वाटणी भाषांवर झाली. मराठीसाठी पुण्याचे ट्रेनिंग कॉलेज, गुजरातीसाठी अहमदाबाद, कानडीसाठी बेळगाव-धारवाड, सिंधीसाठी सिंधमधले हैदराबाद. कृष्णशास्त्री चिपळूणकर पुण्याच्या कॉलेजाचे प्रमुख होते, आणि 'मराठी शालापत्रक' हे मासिकही त्यांनी चालवले. बायकांसाठी पुण्यात वेगळे ट्रेनिंग कॉलेज १८७० मध्ये निघाले. खानदेश मराठीच्या वाट्यात गेला. त्यामुळे इथल्या मास्तरांच्या नोंदीत 'पुणे' असेल तर ते बहुधा जन्मगाव नसून कॉलेज असते. शहाद्याच्या सूचीत असे तीन 'पुणेकर' मास्तर आहेत, त्यातल्या एकाचे मूळ गाव त्याच पानावर दोन ओळी खाली खानदेशातलेच लिहिलेले आहे.

मराठीचा वाटा म्हटले खरे, पण मुलांची भाषा कुठे मराठी होती? तापीकाठी अहिराणी, यावल-रावेर-चोपड्याच्या पायथ्याला तडवी, अक्राणीत पावरी, नवापूरकडे मावची, तळोद्याकडे भिली, गुजरांच्या घरात गुजरी, शहरांतून उर्दू. ग्रिअर्सनने केलेल्या भारतातल्या भाषांच्या सर्वेक्षणाचा १९०७ चा खंड खानदेशीला, म्हणजे अहिराणीला, भिल्ल भाषांच्याच भागात घालतो. पुण्याहून शिकून आलेला मास्तर पुण्याच्या मराठीत शिकवायचा आणि शेरेबुकात डेप्युटी लिहायचे, 'उच्चाराकडे लक्ष द्यावे'. अहिराणीत ळ चा य होतो: धुळे नव्हे धुये, जळगाव नव्हे जयगाव, डोळा नव्हे डोया. मास्तराने नाव विचारले, आईने सांगितले, कानावर पडले तसे लिहिले गेले. म्हणून रजिस्टरात 'कायू' भेटतो, तोच दहा पानांनी दाखला नेताना 'काळू' असतो. केंद्राच्या वाचकाने अमळनेरच्या दप्तरात ही नावे 'शुद्ध' करून टाकली आहेत. हेतू चांगला असेल, पण वंशज नाव शोधायला आले की त्यांना सापडत नाही, आणि मास्तर स्थानिक होता की बाहेरचा, हे ओळखायची एक खूणही हरवते. अहिराणी येणारा मास्तर सहसा 'काळू'च लिहितो, कारण त्याला ळ आणि य यांचा संबंध ठाऊक असतो. 'कायू' बहुतेक परक्या कानाचा. मूळ रूप आणि प्रमाण रूप, दोन्ही रकाने मागून घ्यावेत.

यावलच्या दप्तरात याहून गंभीर प्रकार आहे. जातीच्या रकान्यात मूळ पानांवर 'भिल्ल', 'तडवी', 'पावरा', 'कोळी', 'बंजारी' असे वेगवेगळे लिहिलेले असताना सूचीत कितीतरी ठिकाणी सरसकट 'आदिवासी' केले आहे. तडवी मुसलमान असल्याने काही तडवी मुले 'मुसलमान' या एकाच शब्दात गेली आहेत. कोणत्या समाजाची मुले कोणत्या साली शाळेत पहिल्यांदा आली आणि तेव्हा मास्तर कोण होता, हा शिक्षक-प्रशिक्षणाच्या इतिहासातला गाभ्याचा प्रश्न, आणि तोच पुसला जातो. शिवाय जातपडताळणीसाठी हा रकाना लोकांच्या हक्काचा पुरावा आहे. मूळ शब्द बदलायचा अधिकार कुणालाच नाही. तक्रार केल्यावर केंद्राने रकाना पुन्हा भरून दिला, पण पंधरा दिवस लागले आणि नोंदीमागे पुन्हा पैसे मागितले. ते द्यायला नको होते.

ज्यांना ही पाने जगातल्या दुसऱ्या साम्राज्यांशी ताडून पाहायची आहेत त्यांनी दोन तारखा जवळ ठेवाव्यात. ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात १४ मे १८६९ च्या शाळा कायद्याने चार वर्षांची सरकारी अध्यापन विद्यालये उभी केली, प्रत्येकाला जोडून सरावशाळा. रशियात काझानला १८७२ मध्ये इल्मिन्स्की या धर्मप्रचारक शिक्षणतज्ज्ञाच्या पुढाकाराने शिक्षक सेमिनरी निघाली. तिथे तातार, चुवाश अशा समाजांतली मुलेही शिक्षक म्हणून तयार करायची आणि पहिले धडे मुलांच्या भाषेत द्यायचे, अशी योजना होती. हेतू ख्रिस्ती धर्म आणि पुढे रशियन भाषा रुजवण्याचा होता, हे विसरायचे नाही. मुंबई इलाख्याने विभागाची एक भाषा धरली आणि त्या भाषेत शिक्षक तयार केले. म्हणून आपल्या दप्तरात भिली किंवा अहिराणीतले पाठ शोधत बसण्यापेक्षा मास्तराची स्वतःची जात, गाव आणि घरची भाषा या तीन गोष्टी कुठे लिहिल्या आहेत का, ते पाहावे. सेवापुस्तकाच्या पहिल्या पानावर त्या बहुधा असतात, आणि सेवापुस्तके केंद्राच्या नेहमीच्या यादीत नाहीत. आवर्जून मागावीत.

उर्दू आणि गुजराती पाने केंद्र वाचत नाही. स्कॅन करून 'अवाचनीय' असा शेरा मारते, तो चुकीचा आहे. 'भाषा : उर्दू' असे लिहायला लावावे, म्हणजे पुढे जाणकाराकडे पाने वेगळी देता येतील. यावलच्या दप्तरात अशी २२ पाने निघाली.

तारखांबद्दल एक युक्ती. सुटी पाने, शिक्का आहे पण साल नाही, असे खूप कागद असतात. केंद्र त्यांना 'साल नाही' म्हणून शेवटी टाकते. शिक्क्यावरून काळ बराच जवळ लागतो. 'लोकल बोर्ड' असेल तर १८८४ च्या कायद्यानंतरचे. नुसता 'खानदेश' जिल्हा असेल तर १९०६ पूर्वीचे, कारण त्या साली पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. 'जिल्हा परिषद' असेल तर १ मे १९६२ नंतरचे. 'नंदुरबार जिल्हा' १ जुलै १९९८ पासूनचा. पगारात 'नये पैसे' दिसले तर १ एप्रिल १९५७ च्या अलीकडे यायला हवे. शके सालात ७८ मिळवले की इसवी सन, पण जानेवारी ते गुढीपाडवा या काळात ७९ मिळवावे लागतात. दक्षिणी फसली या महसुली सालात ५९० मिळवतात, मात्र वर्ष जूनमध्ये बदलते. सूचीत शक-फसलीची सरळ वजाबाकी-बेरीज करून टाकली आहे, त्यामुळे जानेवारी ते मार्चमधल्या नेमणुका एक वर्ष मागे गेल्या आहेत. शिक्क्याचे हे कोष्टक छापून केंद्राला आधी दिले तर 'साल नाही'चा ढीग निम्म्याहून कमी होतो.

दर असे आहेत. स्कॅनिंग पानामागे ५ रुपये, मोडी लिप्यंतर पानामागे १२०, सूची नोंदीमागे ३. जाण्यायेण्याचा खर्च वेगळा, जळगावपासून अंतरावर. स्कॅनिंगचा दर वाजवी आहे: ११४० पानांचे ५७०० रुपये, एका दिवसात एका शाळेचे काम. मोडीचा दर जास्त वाटेल, पण चांगला वाचक एक अवघड पान तासभर घेतो, त्यामुळे तो अन्यायाचा नाही. मात्र ३१० मोडी पाने सगळीच द्यायची तर ३७,२०० रुपये होतात, आणि गावच्या वर्गणीतून ते झेपत नाही. तशी गरजही नाही. जनरल रजिस्टरातला मोडी मजकूर ठराविक साच्याचा असतो. गावातल्या दोन-तीन जणांनी मोडीचा महिनाभराचा वर्ग केला की तो त्यांनाच लागतो. शेरेबुक, पगारपत्रके आणि चार्ज याद्या एवढेच केंद्राला द्यावे. तीन शाळांत मिळून ती ९० पाने भरली, खर्च १०,८०० रुपये, आणि मास्तरांविषयी जे हवे होते ते जवळजवळ सगळे त्यातच निघाले. सूचीसाठी पैसे घालवण्यापेक्षा शाळेतल्याच शिक्षकांनी वर सांगितलेले रकाने आखून ती करावी, डी.एल.एड. करणारे विद्यार्थी मदतीला घेतले तर आपल्या पेशाचे जुने दप्तर त्यांच्या हातून जाईल.

आगाऊ रक्कम ४० टक्के मागतात. ती देण्याआधी दहा पानांचा नमुना करून घ्यावा: दोन पगारपत्रकाची, दोन शेरेबुकाची, एक चार्ज यादी, एक सेवापुस्तकाचे पहिले पान, बाकी रजिस्टरची. नमुन्यात रेघांचे आणे, संक्षेप आणि जातीचा रकाना, हे तीनच तपासले तरी पुढचे काम कसे होणार ते कळते. सरकारी सुट्ट्यांत काम ठेवू नये. शाळा बंद असताना कपाटाची किल्ली आणि जबाबदार माणूस दोन्ही नसतात. पावसाळ्यातही नको, दमट कागद पाळण्यात चिकटतो. दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंतचा काळ सर्वात बरा.

काम झाल्यावर केंद्र पेन ड्राइव्हवर फक्त पीडीएफ देते. मूळ टिफ फाइली मागून घ्याव्यात. द्यायची त्यांची तयारी असते, पण मागितल्याशिवाय देत नाहीत. फाइलीचे नाव पुस्तक, साल आणि पान या क्रमाने असावे, नुसता कॅमेऱ्याचा अनुक्रमांक नको. एक प्रत शाळेत, एक गटशिक्षणाधिकारी कार्यालयात, एक समितीकडे वेगळ्या हार्ड डिस्कवर. मुलांच्या जन्मतारखा आणि जाती असलेली पाने व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नयेत. मास्तरांचे शेरेबुक आणि पाठ टाचण मात्र खुशाल स्मरणिकेत छापावे, रंगीत, मूळ आकारात, तांबड्या शाईसकट.